मांडवाच्या कडेची जागा

त्या सकाळी उजवा पाय चपलेत गेला आहे की नाही, हे मला खाली वाकून बघावं लागलं. गेला होता, पण पायाला त्याची खबर नव्हती. शाळेला उशीर होत होता म्हणून मी तशीच निघाले. विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीची लिफ्ट त्या दिवशी बंद होती, म्हणून जिना कठडा धरून उतरले. आदल्या दिवसापासून कमरेभोवती कोणी पट्टा आवळून बांधल्यासारखं वाटत होतं. ते मी गॅसेसवर ढकललं होतं.

मधल्या सुट्टीपर्यंत दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत बधिर झाले. सुट्टीनंतर सातवीच्या वर्गात नकाशा टांगायला वळले आणि फळ्याला धरून हळूहळू खाली बसले. मुलांना वाटलं, बाई खाली पडलेलं काहीतरी शोधतायत. एक मुलगी तर मदतीला येऊन बाकाखाली बघायला लागली. मी तिला म्हटलं, "बाळा, ऑफिसमधून कोणाला तरी बोलाव. मला उठता येत नाहीये."

मी सुजाता. भूगोल शिकवायचे. आमचं मूळ गाव अकोल्याकडचं, पण माझे मिस्टर विलास इथे कारखान्यात लागले तेव्हापासून आम्ही पुण्याचे. मुलगी प्राची आयटीत आहे. त्या दिवसापर्यंत मी रक्तदाबाची गोळीसुद्धा घेत नव्हते.

*

एमआरआय झाला, पाठीतून पाणी काढून तपासलं आणि मग एक तरुण डॉक्टरबाई पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसल्या. डॉक्टर उभ्या उभ्या बोलतात तेव्हा बातमी साधी असते, एवढं तोवर मला समजलं होतं.

"पाठीच्या कण्यातून मज्जारज्जू जातो, त्याला सूज आलीय," त्या म्हणाल्या. "म्हणून खालपर्यंत निरोप पोचत नाहीयेत."

"कशामुळे?"

"बऱ्याचदा कारण सापडत नाही."

"मी चालेन का?"

त्यांनी खोटं सांगितलं नाही, याबद्दल आज मी त्यांचे आभार मानते. तेव्हा मानले नव्हते. त्या म्हणाल्या, "काही जण पूर्ण बरे होतात, काही थोडे होतात, काही होत नाहीत. तुमचं काय होईल ते आत्ता कोणालाच सांगता येणार नाही."

विलास यंत्रावर काम करणारे गृहस्थ. बिघाड कुठे आहे ते कळलं की पुढचं त्यांना जमतं. बिघाड सापडलाय, पण करण्यासारखं फारसं काही नाही, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. ते बाहेर व्हरांड्यात गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. आले ते शहाळं घेऊन. नळी माझ्या ओठांना लावून विचारलं, "गोड आहे का?" मी मान हलवली. त्या दिवशी आम्ही एकमेकांशी एवढंच बोललो.

*

हॉस्पिटलातले दिवस सगळे एकसारखे होते. पहाटे रक्त घ्यायला कोणी यायचं, मग अंग पुसायला मावशी, मग डॉक्टरांचा घोळका. टाचणी घेऊन पायापासून वर टोचत यायचं आणि विचारायचं, "कळतंय? इथे? आणि इथे?" मी छताकडे बघत उत्तरं द्यायचे. शिकवण्यात जन्म गेला, आणि आता रोज तोंडी परीक्षा, तीही मी नापास होत असलेली. सलाइनमधून स्टेरॉइड चालू होतं. त्याने झोप उडायची, तोंड कडू व्हायचं आणि चेहरा मात्र गुटगुटीत दिसायचा. भेटायला येणारे म्हणायचे, "तब्येत छान दिसतेय हो!"

एक मावशी होत्या. त्या अंग पुसून झालं की माझे केस विंचरून घट्ट वेणी घालायच्या. सांगितलेलं काम नव्हतं ते. त्या वेळात मी रडून घ्यायचे, कारण त्या मागे असायच्या आणि त्यांना माझं तोंड दिसत नसे. दिसलं असतं तरी त्या काही बोलल्या नसत्या, असं वाटतं.

लोकांना वाटतं, अशा आजारात न चालण्याची भीती सगळ्यात मोठी. माझी तशी नव्हती. पायांबरोबर लघवीवरचा ताबाही गेला होता. लघवीची पिशवी भरली आहे हे कळायचं नाही, कळलं तरी आपणहून होत नसे, आणि फार भरली की नकळत गळायचं. घरी सोडायच्या आधी नर्सने आरसा हातात देऊन, दर काही तासांनी स्वतःची स्वतः नळी कशी घालायची ते शिकवलं. पहिल्यांदा जमेना. दुसऱ्यांदाही जमेना. तिसऱ्यांदा जमलं तेव्हा ती म्हणाली, "शाब्बास मॅडम." मला त्या शाब्बासकीची एवढी लाज वाटली की मी तिच्याशी दिवसभर बोलले नाही.

हे कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते आहे. कुठेतरी कोणी बाई हातात आरसा धरून बसली असेल. तिला सांगायचंय, जमतं. आवडत नाही कधीच, पण जमतं.

*

घरी आल्यावर दिवाणखान्यात पलंग आला, मग वॉकर, मग व्हीलचेअर. कित्येक महिन्यांच्या व्यायामानंतर मी वॉकर धरून पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जायला लागले. तिथे प्रगती थांबली ती अजून तिथेच आहे.

प्राची घरून काम करायला लागली. दार लोटून मीटिंगमध्ये हसत बोलायची, आणि बाहेर आली की चेहरा उतरलेला असायचा. एकदा म्हणाली, "आई, मी दमलेय असं म्हणायची मला भीती वाटते. तुझ्यासमोर कसं म्हणू?" मी म्हटलं, "म्हण गं. मी काय दमण्याचा मक्ता घेतलाय?" ती हसली नाही.

विलास मला उचलायचे. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून गाडीत. एकदा मी चिडून म्हटलं, "मला नका उचलू. मी सरकते हळूहळू." त्यांना राग आला की बोलणं गावाकडचं होतं. "काहून? पडली तर पुन्हा मीच उचलणार ना!" आणि उचललंच. आमच्या घरात भांडणं कमी झाली होती, आणि ते काही चांगलं लक्षण नव्हतं. भांडायलाही अंगात थोडी ताकद लागते.

*

थंडी पडायला लागली तशी वैशालीचा फोन आला. वैशाली माझी शाळेतली मैत्रीण, राहायला कर्वेनगरला. दरवर्षी हिवाळ्यात शहरात मोठ्या मैदानावर मांडव घालून शास्त्रीय संगीताचा महोत्सव होतो. आम्ही दोघी कित्येक वर्षं जात होतो. बैठकीचं तिकीट काढायचं, सतरंजीवर मांडी घालायची, थर्मासमधला चहा प्यायचा. मला त्यातलं शास्त्र कळत नाही. पहिल्या वर्षी मी कंटाळलेही होते. पण कोणी सावकाश आलाप करत बसलं की मला वर्ग, पेपर, घर, सगळ्याचा विसर पडायचा. तसा विसर मला दुसरीकडे कुठे पडला नाही.

"या वर्षी जायचं," वैशाली म्हणाली. "तू नाही म्हणालीस तरी जायचं."

मी आयोजकांकडे फोन केला. "व्हीलचेअरवर येणाऱ्यांसाठी सोय आहे का?"

"आहे ना. सगळी आहे."

"टॉयलेटची?"

"हो हो, तीसुद्धा. तुम्ही फक्त या."

मी मनापासून खूश झाले. प्राचीने मला नवा कुडता आणला.

*

मुख्य फाटकावरून आम्हाला मागच्या फाटकाला पाठवलं. तिथपर्यंत खडी. खडीत व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं रुततात, म्हणून विलासनी खुर्ची उलटी फिरवून ओढत नेली. पुढे एक लाकडी रॅम्प होता, वर हिरवा गालिचा अंथरलेला, पण चढ असा की मी मागे कलंडायला लागले. "अरे उचला, उचला!" असा कोणाचा तरी आवाज आला आणि चार अनोळखी पुरुषांनी मला खुर्चीसकट वर उचललं. कोणी मला विचारलं नाही. सगळे चांगलेच लोक होते. वर ठेवल्यावर एकाने नमस्कारही केला.

व्हीलचेअरची जागा मांडवाच्या अगदी कडेला होती. समोर खांब, डावीकडे खाद्यपदार्थांचे स्टॉल. रंगमंच खांबामागे, गायक मोठा करून दाखवणारा पडदाही खांबामागे. छातीवर बिल्ला लावलेल्या एक स्वयंसेविका बाई हसून म्हणाल्या, "गर्दीत तुम्हाला धक्का लागायला नको ना, म्हणून इथे." सोबत एकालाच बसता येईल, असंही त्यांनी सांगितलं. वैशाली बैठकीत गेली. लांबून तिने हात केला. मला ती दिसली, कारण तेवढ्यापुरता खांब आड नव्हता.

शेजारी एक वयस्कर गृहस्थ बसले होते, मांडीवर कुबड्या आडव्या ठेवून. लहानपणी पोलिओ झालेले, सदाशिव पेठेत राहणारे मोघे. माझ्याकडे वळून म्हणाले, "नवीन का? या. इथून गायक दिसत नाही, पण भजी तळलेली उत्तम दिसतात. काय आहे, पाय चालत नसलेल्या माणसाला डोळेही नसतात अशी यांची समजूत आहे."

आजारी पडल्यापासून मी पहिल्यांदा मोठ्याने हसले.

पहिलं गाणं संपलं आणि माझी वेळ झाली. विलास मला टॉयलेटकडे घेऊन गेले. फिरत्या टॉयलेटांची रांग होती, प्रत्येकाला लोखंडी पायऱ्या. शेवटी एक रुंद दाराचं होतं, दारावर व्हीलचेअरचं चित्र. पण त्याला कुलूप! फटीतून बघितलं तर आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या आणि पाण्याच्या बाटल्यांची खोकी. बिल्लेवाल्या बाई धावत आल्या. "अहो, इकडे कोणी येतच नाही, म्हणून सामान ठेवलं. किल्ली कंत्राटदाराकडे. बघते हं मी."

त्या बघायला गेल्या. विलास म्हणाले, "मी उचलून त्या पायऱ्यांवरून नेतो." नेलं असतं, पण त्या एवढ्याशा खोक्यात मी पाय पसरून आरसा कुठे धरणार? आम्ही थांबलो. तिकडे मारवा सुरू झाला होता. मला तो राग फार आवडतो. सूर खांबाखांबातून येत होते आणि मी मनातल्या मनात फक्त म्हणत होते, किल्ली, किल्ली.

किल्ली आली नाही. जे व्हायचं ते झालं. मला कळलंसुद्धा नाही, विलासनी खाली बघितलं तेव्हा कळलं. त्यांनी अंगातलं जाकीट काढून माझ्या मांडीवर टाकलं आणि खुर्ची फाटकाकडे वळवली.

घरी पोचल्यावर मला बदलून झोपवून त्यांनी खुर्चीची गादी बाल्कनीत नेऊन धुतली. नळाचा आवाज बराच वेळ येत होता. ते आत आल्यावर मी म्हटलं, "आता पुन्हा कुठे जायचं नाही."

ते म्हणाले, "बरं."

मला वाटत होतं, ते नाही म्हणतील.

*

त्यानंतरचे महिने लिहिण्यासारखे नाहीत. मी खरंच कुठे गेले नाही. लग्नं टाळली, बारशी टाळली, शाळेच्या निरोप समारंभाला ताप आल्याचं कळवलं. बाहेर जायचं नसेल तर पाणी भरपूर पिता येतं, एवढाच फायदा.

पावसाळ्याच्या शेवटी मोघ्यांचा फोन आला. त्या दिवशी मला शोधत कडेपर्यंत आलेल्या वैशालीकडून त्यांनी माझा नंबर मिळवला होता.

"तुम्ही त्या दिवशी गेलात ते मी बघितलं," ते म्हणाले. "का गेलात तेही समजलं. मी जन्मभर महोत्सवाच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाही."

"तुम्ही त्यांना कधी सांगितलं नाहीत?"

"दरवर्षी सांगतो. पण एकटा म्हातारा सांगतो तेव्हा ती किरकिर असते. दोघांनी सांगितलं की तक्रार होते. आणि तुम्ही शिक्षिका. तुम्हाला मोठ्याने बोलायची सवय आहे."

"मला लाज वाटते हो, मोघे."

"मलाही वाटते," ते म्हणाले. "म्हणून तर दोघं जाऊ."

*

महोत्सवाच्या समितीचं ऑफिस सदाशिव पेठेत पहिल्या मजल्यावर निघालं. लिफ्ट नाही. समितीतल्या गृहस्थांना खाली बोलावलं. ते आले, आणि आमची बैठक इमारतीच्या पार्किंगमध्ये, दोन रांगांत लावलेल्या स्कूटरींच्या मधे झाली.

"सॉरी हं," ते म्हणाले. "वर यायचं तुम्हाला जमणार नाही, हे लक्षातच आलं नाही."

"तेच सांगायला आलोय," मोघे म्हणाले.

मी ठरवून आले होते की 'अडचण' आणि 'गैरसोय' असले शब्द वापरायचे नाहीत. मी वर्गात बोलायचे तशी बोलले. "मला दर काही तासांनी नळी घालून लघवी काढावी लागते. त्यासाठी रुंद दार लागतं, आत खुर्ची वळवायला जागा लागते, हात धुवायला पाणी लागतं. तुमच्याकडे तसं टॉयलेट होतं. त्यात तुम्ही खुर्च्या भरल्या होत्या. मी बाहेर बसून कपडे ओले केले आणि घरी गेले."

स्कूटर काढायला आलेला एक माणूस किल्ली हातात धरून तसाच उभा राहिला. समितीतले गृहस्थ आपल्या बुटांकडे बघत होते. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. नुसता थकवा आला, एखादं जड ओझं फार लांबून आणून खाली टेकवल्यासारखा.

"मैदानावर याल का?" त्यांनी विचारलं. "मांडववाले येणारेत. तिथेच दाखवा."

आम्ही गेलो. रॅम्प कुठे येईल ते मांडववाल्याने चुन्याने आखून दाखवलं. विलास तोवर एका बाजूला उभे होते. ते पुढे आले, आखलेल्या रेघांकडे बघितलं आणि म्हणाले, "एवढ्या चढावर मी हिला ढकलू शकत नाही. माझी कंबर गेलीय."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. शर्टाच्या आत ते रोज कमरेचा पट्टा बांधत होते, आणि एका घरात राहून मला माहीत नव्हतं. परक्या माणसासमोर, चुन्याच्या रेघेवर उभं राहून ते बोलले.

"रॅम्प लांब घेतला तर चढ कमी होतो," मांडववाला म्हणाला. "पण मग स्टॉलची जागा जाते."

समितीतल्या गृहस्थांनी पायाने रेघ पुढे वाढवून बघितली. मग म्हणाले, "जाऊ दे एक स्टॉल."

गाडीत बसल्यावर मी विलासना विचारलं, "किती दिवसांपासून दुखतेय?"

"दुखतेय," ते म्हणाले आणि गाडी सुरू केली. दुसऱ्या दिवशी प्राचीने त्यांना हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. उचलणं बंद झालं. पलंगावरून खुर्चीत सरकायला मी एक गुळगुळीत फळी वापरायला शिकले. आधीच शिकायला हवं होतं. पण कोणी सांगितलंच नव्हतं.

*

असं काही ज्यांच्या वाट्याला आलंय त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. फोनवर "सोय आहे का" असं विचारू नका, 'हो'च ऐकायला मिळेल. दार केवढं आहे, आत सामान तर नाही ना, किल्ली कोणाकडे असते, ते विचारा. तीनदा विचारा. कंटाळा येतो, मलाही येतो. ज्या जगात बाकीचे नुसते तिकीट काढून जातात, तिथे आपल्याला आधी चौकशी करावी लागते, आणि त्याने माणूस घरातून निघायच्या आधीच दमतो. आणि तुमची काळजी घेणाऱ्या माणसाला अधूनमधून विचारा, त्याचं काय दुखतंय. सुरुवातीला तो खरं सांगणार नाही.

*

त्या वर्षी सगळं नीट झालं असं नाही. मागच्या फाटकाच्या वाटेवर कोणीतरी मोटारसायकल आडवी लावली होती, तिचा मालक सापडेपर्यंत आम्ही थंडीत उभे होतो. एक स्वयंसेवक मला बघून ओरडला, "पेशंट आलेत, वाट द्या!" मोघे आधीच आत पोचले होते, ते तिथून म्हणाले, "पेशंट दवाखान्यात असतात. हे श्रोते आहेत."

पण रॅम्प लांब आणि सोपा होता. बसायला मांडवाच्या मधल्या बाजूला उंच चौथरा केला होता. कोणी पुढे उभं राहिलं तरी गायक दिसत होता. सोबत्यांना खुर्च्या होत्या, त्यामुळे वैशाली माझ्या एका बाजूला होती आणि विलास दुसऱ्या. खुर्चीवर बसून गाणं ऐकणं म्हणजे वेटिंग रूममध्ये बसल्यासारखं वाटतं, अशी वैशालीची कुरकुर चालली होती.

मध्यंतरानंतर पूरिया सुरू झाला. माझी वेळ झाली तेव्हा विलास सवयीने उठायला लागले. मी म्हटलं, "बसा. किल्ली माझ्याकडे आहे." मी चाकं फिरवत रॅम्पवरून खाली गेले, दार उघडलं, आतून कडी लावली. आत नळाला पाणी होतं. पिवळा दिवा होता, जमीन कोरडी होती. बाहेरून गाणं ऐकू येत होतं. माझं सगळं आटोपलं, हात धुतले आणि तशीच थोडा वेळ बसून राहिले. घाई नव्हती. दाराबाहेर कोणी ताटकळत उभं नव्हतं.

परत आले तर विलास खुर्चीत झोपले होते. मान एका बाजूला कलली होती, तोंड थोडं उघडं, दोन्ही हात मांडीवर मोकळे पडलेले. रोज माझ्या नुसत्या कुशीवर वळण्याच्या आवाजाने जागा होणारा माणूस एवढ्या माणसांत, तबल्याच्या एवढ्या मोठ्या आवाजात गाढ झोपला होता.

वैशाली माझ्या कानाशी कुजबुजली, "अगं, उठव त्यांना. आता द्रुत सुरू होईल, चुकेल त्यांचं."

"झोपू दे," मी म्हटलं. "आज त्यांना इथे काही काम नाही."